गावची राखण : पोलीस व गावकरी यांचा मेळ



विहिरीवरची मोटार चोरीला जाते, केबल कापून नेली जाते, खळ्यावरचे सोयाबीन रातोरात नाहीसे होते. तरी पुष्कळजण ‘पोलिसांत जाऊन काय मिळणार?’ म्हणून गप्प बसतात. पण नोंदच झाली नाही, तर आपल्या शिवारात गस्त वाढवावी हे ठाण्याला कळणार कसे?

कीड दिसण्याआधीपासून आपण पिकाची पाहणी करतो. पोलिसांशी विश्वासही असाच आधीपासून जोपासावा लागतो. भिवंडीत १९८४ साली भीषण दंगल झाली. १९८८ मध्ये तेथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांचे रहिवासी व पोलीस एकत्र बसू लागले. पुढे डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

हा मेळ नसला, की अफवेला बळ येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील ५ निरपराध माणसांना ठार मारले.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१) मोटारीचा क्रमांक, खरेदीची पावती व छायाचित्र जपून ठेवावे.

२) चोरी होताच पोलीस पाटलांना कळवावे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेले पोलीस पाटील हे गाव व ठाणे यांतील दुवा आहेत. तातडीची मदत हवी असल्यास ११२ क्रमांक लावावा.

३) तक्रार जरूर नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते व तिची प्रत मोफत मिळते. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा.

४) सुगीत पाळीपाळीने राखण करावी. अनोळखी माणूस दिसल्यास विचारपूस करून ठाण्याला कळवावे. हात मात्र उचलू नये.

विश्वास एकतर्फी टिकत नाही. गावाने खरी माहिती द्यावी आणि पोलिसांनीही तक्रारदाराला ताटकळत ठेवू नये. यंदा सुगी सुरू होण्यापूर्वीच आपल्या भागाच्या बीट अंमलदारांना ग्रामसभेला बोलवा आणि रात्रीच्या गस्तीचे वेळापत्रक त्यांच्यासमवेत ठरवा.