पाय चुकीचा की माप?

(कार्यकर्त्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, दिवसभर वस्त्यांमधून फिरणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणी चपला पुरुषांच्या कप्प्यातून घेतात. बायकांच्या चपलेत लांबी जुळली तरी पंजा मावत नाही. मोठा नंबर घेतला तर टाच सटकते. वर दुकानदार म्हणतो, "बाई, तुमचाच पाय रुंद!"

दोष पायाचा नाही. आपल्याकडचे नंबर इंग्रजी मापावरून आलेले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाऊल रुंद असल्याचे दिसले. कोल्हापूरकडच्या कारागिराला हे ठाऊकच होते. कागदावर पाऊल ठेवायला सांगून तो कडेने पेन्सिल फिरवायचा. (आणि त्या चपलेची वेणी गुंफणारे हात बहुधा घरातल्या बायकांचे!)

सफाई कामगार बायकांना गमबूट मिळालेच, तर अनेकदा पुरुषांच्या मापाचे. त्या आत चिंध्या कोंबतात. उद्या पाय घसरला, तर बूट दिल्याची सही दाखवली जाईल. तेव्हा मागणीपत्रात नुसते 'बूट द्या' लिहू नका. प्रत्येकीच्या पावलाची लांबी आणि पंजाचा घेर जोडा. आणि मोजा संध्याकाळी, काम संपल्यावर, पाय सुजलेले असताना.