फेऱ्या कोण मोजतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



प्रवास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावाला जाणं येतं. पिशव्या भरायच्या, दशम्या बांधून घ्यायच्या, एस.टी. पकडायची. आज मी त्या प्रवासाबद्दल बोलणार नाही. रोजच्या जाण्यायेण्याबद्दल बोलणार आहे. कामाला, शाळेत, दळणाला, रेशनला, दवाखान्यात, पाण्याला. याला आपण प्रवास म्हणतच नाही. बाईला विचारलं तर ती सांगते, "मी कुठं जाते? घरीच तर असते." आणि सरकारी फॉर्मसुद्धा बराचसा तेच सांगतो.

२०११ च्या जनगणनेचंच बघा. त्यात एक प्रश्न होता. कामाची जागा घरापासून किती लांब आहे, आणि तिथं कशानं जाता? उत्तरं फार बोलकी आली. सुमारे २० कोटी लोकांची ही नोंद आहे. त्यातले जवळजवळ ३० टक्के लोक कामासाठी प्रवासच करत नव्हते, म्हणजे घरी किंवा घराला लागूनच त्यांचं काम होतं. सुमारे २३ टक्के पायी जात होते, १३ टक्के सायकलनं. मोटारीनं जाणारे तीन टक्केसुद्धा नव्हते. शहरात उड्डाणपुलांवर किती खर्च होतो ते आठवा आणि हे आकडे त्याच्याशेजारी ठेवा. फूटपाथची मागणी घेऊन महापालिकेत जाल तेव्हा हे आकडे पाठ असू द्या.

पण हा प्रश्न विचारला कोणाला? 'इतर कामगार' या गटाला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे यातून वगळलेले होते. त्याच जनगणनेप्रमाणे देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ४१ टक्के शेतमजूर होत्या, २४ टक्के शेतकरी आणि सुमारे ६ टक्के घरगुती उद्योगात. म्हणजे ज्यांना सरकारनं स्वतःच 'काम करणारी' म्हटलं, त्यांतल्याही सुमारे ७० टक्के बायका कामाला कशा जातात ते या तक्त्यात नाही. टेम्पोत उभ्यानं कोंबून खुरपणीला नेल्या जाणाऱ्या बायका त्यात नाहीत. आणि जिला 'काम करत नाही' या रकान्यात टाकलं, तिचा तर प्रश्नच आला नाही.

पाण्याचंही तसंच. २०११ ला देशातल्या सुमारे साडेसतरा टक्के घरांना पिण्याचं पाणी लांबून आणावं लागत होतं. लांबून म्हणजे खेड्यात अर्ध्या किलोमीटरपेक्षा आणि शहरात शंभर मीटरपेक्षा जास्त. ही माहिती कुठं सापडते? घरातल्या सोयींच्या यादीत. संडास आहे का, दिवा आहे का, पाणी कुठून आणता. डोक्यावर हंडा घेऊन दिवसातून चार-चार खेपा कोणीतरी चालत असतं, पण ती खेप प्रवासात धरली जात नाही.

आता 'कुटुंब' या शब्दाकडे येऊ. बहुतेक सर्वेक्षणांचं एकक कुटुंब हेच असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत देशातल्या साधारण निम्म्या कुटुंबांकडे स्कूटर किंवा मोटरसायकल होती, आणि शंभरात सात-आठ घरांत मोटार. वाचून वाटतं, चला, निम्मा देश गाडीवर बसला. पण किल्ली कोणाच्या खिशात असते? सकाळी आठला गाडी नवऱ्याबरोबर बाहेर पडते आणि रात्री आठला परत येते. मधले बारा तास या 'गाडी असलेल्या कुटुंबा'तली बाई पायीच असते. मुंबईत जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये सहा हजारांवर कुटुंबांची पाहणी केली आणि ती २००४ च्या पाहणीशी ताडून बघितली. मधल्या काळात कामावर जाणारे पुरुष मोठ्या संख्येनं दुचाकीकडे वळले. बायका मात्र चालतच राहिल्या, नाहीतर रिक्षानं गेल्या. घराची प्रगती झाली असेल, पण बाईचे पाय तिथंच आहेत.

वेळेच्या वापराचं पहिलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं. त्याआधी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक सर्वेक्षण झालं होतं, त्यात महाराष्ट्र नव्हता. २०१९ च्या सर्वेक्षणातला एक आकडा तुम्ही ऐकला असेल. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं विनामोबदला घरकाम करतात, आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात तसे पुरुष शंभरात २६ च. दुसरा आकडा त्या मानानं फारसा सांगितला जात नाही. दिल्लीच्या आय.आय.टी.तले राहुल गोयल यांनी याच माहितीतून शहरी भागातल्या सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांचा दिवस तपासला. नोंद झालेल्या दिवशी ५३ टक्के स्त्रिया घराबाहेर पडल्याच नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण १४ टक्के होतं. घरात तान्हं मूल असलं की बाईचं बाहेर पडणं आणखी कमी होतं, पुरुषाचं होत नाही.

या ५३ टक्क्यांवर आमच्या गटात बराच वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, शक्यच नाही, आमच्या वस्तीत घरात बसायला फुरसत कोणाला आहे? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. या सर्वेक्षणात दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने पाडतात, आणि त्या खान्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली कामंच लिहितात. सहा मिनिटांत किराण्याच्या दुकानातून येणारी, पाच मिनिटांत पोर अंगणवाडीत सोडणारी बाई या चाळणीतून खाली पडते. (दिवसाची नोंद पहाटे चारपासून सुरू होते. हे ज्यानं ठरवलं त्यानं आपली आई उठताना पाहिली असावी.)

तरीही सगळा दोष चाळणीला देऊन आपण मोकळ्या होऊ नये. त्याच आरोग्य पाहणीत बायकांना विचारलं होतं: बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर तुम्हाला एकटीनं जायची मुभा आहे का? तिन्ही ठिकाणी एकटी जाऊ शकते असं सांगणाऱ्या फक्त ४२ टक्के निघाल्या. म्हणजे घरच्या कामासाठी दिवसभर धावायचं, आणि स्वतःसाठी बाहेर पडायचं झालं की परवानगी घ्यायची. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येतात. सर्वेक्षणात त्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात, म्हणून आपल्याला वेगवेगळ्या वाटतात.

आमच्या गटातली एक मैत्रीण घरकामगार आहे. पुण्यातल्या टेकडीवरच्या वस्तीत राहते. "दोन सोसायट्यांत जाते, बाकी काही नाही," असं ती म्हणाली होती. मग आम्ही जमिनीवर खडूनं तिचा कालचा दिवस काढला. खालच्या नळावर दोन खेपा. धाकटीला बालवाडीत सोडणं. पहिली सोसायटी, तिथून दुसरी. मधेच थोरल्याला शाळेतून आणणं. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटला नाही म्हणून परत, आणि संध्याकाळी पुन्हा तिथंच. सासूला दवाखान्यात नेणं. गिरणी. दहा फेऱ्या झाल्या, त्यातल्या कामाच्या म्हणून धरल्या जातील फार तर दोन. खडू खाली ठेवून ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्यात तर मी सासवडला पोचले असते."

हे मोजायचं कशासाठी? कारण गाड्यांचं वेळापत्रक आकड्यांवरून ठरतं. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, ती नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या डोळ्यांत भरली म्हणून. कचेरीची वेळ सगळ्यांना दिसते. दुपारी दोनला काम संपवून दोन ठिकाणी थांबत घरी जाणारी बाई कोणाला दिसत नाही. तिच्या वेळेला बस कमी असतात, आणि उतरून पुन्हा चढलं की नवं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. सवलत चांगलीच आहे, माहेरच्या फेऱ्या वाढल्या असं बायका हसून सांगतात, आणि मला तो सवलतीचा मोठाच फायदा वाटतो. पण ज्या गावाला दुपारची गाडीच नाही, तिथं अर्ध्या तिकिटाचं काय करायचं?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कुटुंबांच्या प्रवासाचं राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू केलं. २०२१ ची लांबलेली जनगणना २०२७ साठी जाहीर झाली. मोजणारी माणसं दारात येतील तेव्हा घरात कोण उत्तर देईल? "ही काही करत नाही," असं नवऱ्यानं सांगण्याआधी बाईनं पुढं होऊन आपलं काम आणि आपलं जाणंयेणं सांगायला हवं. त्याची तयारी वस्तीतल्या बैठकांतून आधीच करावी लागेल.

तोवर आपण आपली नोंद करू. प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतल्या दहा बायकांचा एक दिवस लिहायचा. कुठून कुठं, कशासाठी, कशानं, किती वेळ, किती पैसे, हातात किंवा कडेवर काय होतं, आणि विचारून जावं लागलं का. पाच मिनिटांची फेरीसुद्धा सोडायची नाही. नमुन्याचे कागद मागच्या टेबलावर ठेवलेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे वेगळे आहेत, ते जरा कमी आहेत, म्हणून गरजेपुरतेच घ्या. पुढच्या बैठकीला येताना भरलेले कागद आणा, आणि आपल्या स्टँडवरचं गाड्यांचं वेळापत्रकही उतरवून आणा. दोन्ही शेजारी ठेवून बसू.