स्वागताध्यक्षीय भाषण : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. अनुवादकांच्या संमेलनात स्वागताचा पहिला मान एका शल्यविशारदाच्या नावाला मिळतो आहे, तो या गावामुळे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. मागावर बसणारा पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतो, बाजारात मराठी, आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड. दुसऱ्याच्या भाषेत शिरताना इथे कुणाला अवघडल्यासारखे होत नाही.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठचे हे गाव. १८५२ साली इथे नगरपालिका झाली, १८७७ साली कापडाची पहिली गिरणी उभी राहिली आणि भोंग्यावर गावाचा दिवस चालू लागला. सोलापुरी चादर घराघरांत पोहोचली ती त्यानंतर. १९३० साली नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. चार पुतळ्यांच्या चौकातून जाताना आजही जुना सोलापूरकर क्षणभर थबकतो. कोटणीस तेव्हा विशीचे होते.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी काम सोडले नाही. आघाडीवर ते दिवसरात्र न थांबता शस्त्रक्रिया करत राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले.

अनुवादकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट इथे आहे. कोटणीसांनी चिनी भाषा दुभाष्यावर सोपवली नाही. ते ती बोलायला शिकले, वाचायला शिकले, तीत वर्ग घेऊ लागले, आणि शस्त्रक्रियेवरची पाठ्यपुस्तके त्यांनी चिनीतच लिहायला घेतली. तिथल्या लोकांनी त्यांना ‘के दिहुआ’ म्हटले. शुश्रूषा शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देश एका लेकराच्या नावात बसवणारा याहून सुंदर अनुवाद स्वागत समितीला ठाऊक नाही. संसाराला मात्र जेमतेम वर्ष मिळाले. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले. मूल साडेतीन महिन्यांचे होते. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली वारला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, आणि सहजीवनाच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या.

शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे, आणि चिनी शाळकरी मुले तिथे फुले वाहतात. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट केला. सोलापुरात जन्मघराचे स्मारक व्हायला २०१२ साल उजाडावे लागले, ही खंत स्वागत समिती मोकळेपणाने मांडते.

संमेलनासाठी सूतगिरण्यांनी, चादर कारखानदारांनी, शिक्षकांनी आणि भाजी मंडईतल्या हमालांनी वर्गणी दिली. हमालांची रक्कम लहान होती आणि सर्वांत आधी आली. चाटी गल्लीतील व्यापाऱ्यांनी गाद्या-चादरी पुरवल्या, महिला बचत गटांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीची जबाबदारी उचलली. या सर्वांचे ऋण मोठे आहे. उणिवाही आहेत. उन्हाळा कडक आहे, निवासाच्या वरच्या मजल्यावर पाणी सकाळी दोनच तास चढते, आणि काही प्रतिनिधींना एका खोलीत चौघे राहावे लागेल. त्याबद्दल समिती मनापासून क्षमा मागते. पाण्याच्या कळशा प्रत्येक दाराशी भरून ठेवल्या आहेत, स्वयंसेवक रात्रभर जागे असतील. उद्या सकाळी सात वाजता कोटणीस स्मारकाकडे जाणाऱ्या दोन बसगाड्या सभागृहाच्या दाराशी उभ्या राहतील.