मुंबापुरीचे यात्रिक वादक

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



पुरातन काळी यहुदी यात्रेकरू यरुशलेमेची वाट चालू लागले म्हणजे स्तोत्रे गात चालत. नगरीचे दर्शन घडण्यापूर्वीच ती त्यांच्या गाण्यात वसलेली असे. आजच्या मंगल प्रसंगी मी अशाच काही यात्रिकांविषयी चार शब्द बोलणार आहे. त्यांची नगरी मुंबई होती, आणि तिकडे नेणारी त्यांची वाट आपल्या बदलापूर-अंबरनाथवरून जात होती.

हे यात्रिक म्हणजे गोमंतकातील वादक. सोळाव्या शतकापासून गोव्यात ख्रिस्तमंदिरांना जोडून शाळा चालत. तेथे बालकांस प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. शिकविणाऱ्या गुरुजींस ‘मेस्त’ म्हणत. शेतात राबणाऱ्या घरचा मुलगाही पाच रेघांवरील स्वर अक्षरांसारखे वाचू लागे. परंतु ही विद्या घेऊन गावात पोट कसे भरावे? मिस्सा, लग्ने व सण यांपलीकडे तेथे तिला काम नव्हते. मुंबईहून सुट्टीस आलेले शेजारी मात्र तेथील नाट्यगृहांच्या, हॉटेलांतील वाद्यवृंदांच्या गोष्टी सांगत. त्या ऐकता ऐकता मुलाचे मन न पाहिलेल्या नगरीवर जडून जाई.

आरंभी हे लोक आगबोटीने जात. 1888 साली मुरगावहून निघालेला लोहमार्ग घाट चढून ब्रिटिश मुलखातील रेल्वेस मिळाला, आणि पुढे लोंढा, मिरज, पुणे असा खुष्कीचा प्रवास सुरू झाला. पुण्यास अरुंद रुळांची गाडी सोडून रुंद रुळांच्या गाडीत बसावयाचे, बोरघाट उतरावयाचा, आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ ओलांडून कल्याणास यावयाचे, असा हा क्रम होता. मुंबईत उतरल्यावर धोबीतलाव व माझगाव भागांत गावागावाचे ‘कूड’ असत. भिंतीलगत रांगेने ट्रंका, एका अंगास लहानशी वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी, असे त्या घरांचे रूप होते. स्वप्नातील नगरी प्रथम दिसली ती अशी, एका चटईएवढी!

परंतु त्या चटईवरून उठून या मंडळींनी काय केले ते पाहा. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवादक म्हणून विख्यात झाले. ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद वाजे. आपल्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांस त्यांचे साह्य लाभले, आणि 1951 सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात तो वृंद पडद्यावरही दिसला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर मेस्तांचेच पुत्र. 1943 साली ते मुंबईस आले आणि व्हायोलिनवादक व स्वरसंयोजक म्हणून नावारूपास आले. आपले राग आणि पश्चिमेचा वाद्यमेळ यांचा संगम व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभरावर वादकांचा मेळा उभारून त्यांनी तो सिद्ध करून दाखविला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले.

बंधुभगिनींनो, हे यश त्यांस का लाभले? आपल्याकडील संगीत मुखोद्गत चालत आलेले. पन्नास वादकांनी एकाच क्षणी निरनिराळे स्वर वाजवावयाचे, तर ते कागदावर लिहिणारा व कागदावरून वाचणारा पाहिजे. ती विद्या खेड्यातील मेस्तांनी आधीच देऊन ठेविली होती. मुंबईस येऊन त्या मुलांस मुंबई तर कळलीच. परंतु आपल्या पेटीत काय आहे, हेही तेथेच कळले. मात्र बहुतेकांची नावे चित्रपटांच्या नामावलीत कधी आली नाहीत. त्यांचे स्वर घरोघर पोहोचले, नावे स्टुडिओच्या हजेरीपटातच राहिली.

आता एक कबुली. मी तरुण साहाय्यक धर्मगुरू असताना, याच परिसरातील एका धर्मग्रामात एक वृद्ध व्हायोलिनवादक राहत. मुंबईतील जागा परवडेना म्हणून ते इकडे आले होते. 1948 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते गोव्याहून निघाले. पहाटे अंबरनाथ मागे पडले आणि दिव्यांच्या रांगा दिसल्या. मुंबई आली असे समजून त्यांनी क्रुसाची खूण केली. सहप्रवाशाने सांगितले, “ही मुंबई नव्हे, हा कल्याण कॅम्प. सिंधमधून आलेले निर्वासित येथे राहतात.” पुढच्याच वर्षी त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ते गृहस्थ मला म्हणाले, “फादर, मला माझे शहर मिळायचे होते, आणि त्यांचे हातचे गेले होते. त्या दिवसापासून मी व्हायोलिन उशाशी घेऊन निजतो. शहर जाते, विद्या राहते.”

दर रविवारी ते गायकांच्या सज्जात वाजवीत. मी मोठ्या हौसेने विजेवर चालणारा कीबोर्ड आणविला. एक कळ दाबली की सारा वाद्यवृंद हजर! त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. पुढील रविवारी ते खाली, मागच्या बाकावर बसले. मुलांस शिकविण्याची तयारी त्यांनी पूर्वी दोनदा दाखविली होती. मी ‘पाहू’ म्हणालो होतो. ते देवाघरी गेले तेव्हा त्यांची विद्या घेतलेले एकही मूल आमच्यात नव्हते. रुपया जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला मी अनेकदा समजावून दिला आहे. तो चाकर मीच, हे मला त्यांच्या दफनविधीच्या वेळी उमगले.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून गोव्याची गाडी पनवेलवरून जाते. आपल्या स्थानकांवरून ते यात्रिक आता जात नाहीत. पण मुले आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्याही मनात दूरच्या नगरी आहेत. कोणाच्या दुबई, कोणाच्या टोरंटो. ती तेथे जातील, अवश्य जावोत. पण त्यांच्या पेटीत काय असेल?

येत्या महिन्यापासून दर शनिवारी सायंकाळी आपल्या सभागृहात स्वरलेखनाचा वर्ग भरेल. आईबापांनो, ट्यूशनच्या सहा दिवसांतून मला एक तास द्या. ज्या वडीलधाऱ्यांस वाजविता येते, त्यांनी सज्जात परत यावे. या वेळी मी ‘पाहू’ म्हणणार नाही.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.