कासवाच्या पोटावर कोरलेलं नाव

आधी एक कबुली देतो. मी चौथीत असताना आमच्या विहिरीत एक काळं कासव होतं. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा आम्ही पोरांनी ते वर काढलं, उताणं केलं आणि कर्कटकाच्या टोकाने मी त्याच्या पोटावर माझं नाव कोरलं. ते पाय झाडत होतं. मला वाटलं, कवच म्हणजे घर. भिंतीला काय दुखणार?

पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत कासवाचा सांगाडा हातात आला. पोटाकडच्या कवचाला प्लॅस्ट्रॉन म्हणतात. आमच्या विहिरीतल्या जातीत त्यावर बारा चकत्या असतात, गळ्यापासून शेपटीपर्यंत सहा जोड्या. त्या केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच्याच. इथपर्यंत माझी समजूत फारशी चुकलेली नव्हती. पण त्या पातळ थराखाली नऊ हाडं असतात. चार जोड्या आणि पुढच्या भागात मधोमध एक एकटं. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही ना, तसेच चकत्यांचे आणि हाडांचे सांधेही जुळत नाहीत. त्यामुळे कवच सहज उकलत नाही.

आता आपल्या गळ्याखाली हात लावून बघा. दोन्ही बाजूंना कॉलरबोन लागेल. प्लॅस्ट्रॉनची सगळ्यात पुढची जोडी म्हणजे कासवाची हीच हाडं! त्यांत रक्त खेळतं, कवचाला स्पर्शही कळतो. मी भिंतीवर नाही, त्याच्या अंगावर नाव कोरलं होतं.

हे पोट पाठीपेक्षाही जुनं आहे. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात सापडलेल्या सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोंटोकेलिसचं वर्णन 2008 साली प्रसिद्ध झालं. त्याच्या पोटाचं कवच पूर्ण होतं, पाठीवरचं मात्र अर्धवट.

देवळातलं दगडी कासव आपल्याला पाठच दाखवतं. जिवंत कासवाचं पोट बघायची हौस आवरा. त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताणं केलं की आतड्यांचा भार त्यांच्यावर येतो. रस्त्यात कासव दिसलं तर दोन्ही हातांनी आडवंच उचला आणि ते ज्या दिशेने निघालं होतं तिकडे सोडा. कवच फुटलेलं असेल तर ते हाड मोडलंय असं समजा आणि वनविभागाला कळवा.

माझं ते कासव पावसाळ्यात परत खोल पाण्यात गेलं. मला त्याची माफी मागता आली नाही. म्हणून तुमच्याशी बोललो.