दंडाविना पहारा



सेवा म्हटली की अन्नदान, जलदान, रुग्णशुश्रूषा ही कार्ये डोळ्यांपुढे येतात. रस्त्याच्या कडेस तासभर उभे राहून धावत्या मोटारींचे क्रमांक टिपणे, ह्यास कोणी सेवा म्हणेल काय? ब्रिटनमधील अनेक गावांत ती सेवा म्हणूनच चालू आहे. ‘कम्युनिटी स्पीडवॉच’ हे तिचे नाव.

त्या देशात १९०३ च्या कायद्याने मोटारींस ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. १९३० च्या कायद्याने ती उठविण्यात आली. आणि १९३५ पासून वस्तीच्या रस्त्यांवर ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरांची, मर्यादा पुन्हा घालणे भाग पडले. परंतु कायदा केला म्हणून प्रत्येक खेड्याच्या वळणावर पोलीस उभा राहू शकत नाही. तेथील वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेप्रमाणे ताशी ३० मैलांनी जाणारी मोटार थांबविण्यास २३ मीटर लागतात. ४० मैलांस ३६. चालकाला दहा मैलांचा फरक क्षुल्लक वाटतो. रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेला हे तेरा मीटर क्षुल्लक नव्हेत.

म्हणून गावातील गृहस्थ व गृहिणी, त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ, पोलिसांकडून शिक्षण घेऊन, पोलिसांनीच संमत केलेल्या जागी उभी राहतात. अंगावर दुरूनही दिसणारी भडक रंगाची जाकिटे असतात. लपून पाळत ठेवण्याचा प्रकार नाही. बहुधा तिघे असतात. एक जण यंत्रावर वेग वाचतो, दुसरा मोटारीचा क्रमांक सांगतो, तिसरा क्रमांक, बनावट व रंग वहीत उतरवितो. वाहन अडविणे नाही, वादावादी नाही. टिपण पोलिसांकडे जाते, नोंदणीशी ताडून पाहिले जाते, आणि वाहनाच्या नोंदणीकृत धारकास समजुतीचे पत्र पाठविले जाते. त्या पत्राने दंड होत नाही. तोच क्रमांक वारंवार आढळल्यास मात्र पोलीस स्वतः लक्ष घालतात.

ह्या कार्यातील खरी कसोटी यंत्राची नाही. वहीत उतरणारा क्रमांक पुष्कळदा परक्याचा नसतो; तो शेजाऱ्याचा असतो, ज्याच्याशी उद्या दुकानात गाठ पडावयाची. त्याचा क्रमांक गाळला तर वही निरर्थक. उतरविला तर कटुता. नसत्या उठाठेवी करणारे लोक म्हणून ह्या मंडळींची हेटाळणीही होते, आणि जाणारा चालक कधी शिवीही देतो. तिला उत्तर द्यावयाचे नाही, हे त्यांच्या शिक्षणातच आहे. शिक्षा करण्याचा अधिकार हाती नसताना हे सोसणे सोपे नव्हे.

पहारा उठला की वेग पुन्हा वाढतो, हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. सरळ, रुंद रस्ता चालकास धावावयास सांगतो, आणि तासाभराच्या पहाऱ्याने रस्ता बदलत नाही. तथापि रस्ता अरुंद करावा, उंचवटे घालावेत, अशी मागणी गावकरी करतात तेव्हा त्यांच्या हाती नुसती तक्रार नसते. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, किती मोटारी किती वेगाने गेल्या, हे सांगणारी वही असते.