ट्रॅक्टरखाली पडणारं थेंबथेंब डिझेल



रोवणीच्या दिवसांत आपल्या गोंदिया जिल्ह्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. पऱ्हे तयार, बांधीत पाणी, बाया धुऱ्यावर उभ्या. आणि चिखलणीचा ट्रॅक्टरच बंद पडला तर सगळ्यांचा दिवस बुडतो. म्हणून आज बोलू या एका छोट्या वस्तूबद्दल. ती म्हणजे डिझेलचा कॉक, टाकीखालचा डिझेल चालू-बंद करायचा नळ.

जुन्या ट्रॅक्टरचा हा कॉक गळतोच, असं म्हणून आपण सोडून देतो. पण टाकी वर आणि नळी खाली, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थेंब पडतच राहतात. संध्याकाळी खाली डबा ठेवा, सकाळी मोजा. रात्रीत पाव लिटर जमलं, तर महिन्याचं साडेसात लिटर झालं. लिटरला ९० रुपये धरले तरी ६७५ रुपये मातीत गेले. शिवाय गरम इंजिनाजवळ सांडलेलं डिझेल पेटू शकतं, ही भीती वेगळीच.

गळतीवर साबण किंवा एम-सील थापू नका. आधी गळतं कुठून, ते शोधा. इंजिन थंड होऊ द्या. जवळ विडी, चूल, दिवा नको. कॉक कोरड्या फडक्याने पुसा, बंद करा आणि दहा मिनिटं बघा.

थेंब थांबले, तर दोष बहुतेक कॉकच्या खाली, नळीच्या जोडावर आहे. तिथला वॉशर बदला. टाकी रिकामी करायची गरज नाही.

कॉकच्या दांडीजवळ ओल दिसली, तर आतलं पॅकिंग झिजलं आहे. दांडीभोवती नट असेल तर तो पाव फेरा आवळून बघा. जोर लावू नका, पितळेचे आटे लवकर जातात. थांबलं नाही तर रबरी रिंग बदला. रिंग डिझेलला चालणारीच मागा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा डिझेलमध्ये फुगतो आणि पुन्हा गळती सुरू होते.

कॉक टाकीला जिथे बसतो तिथेच ओल असेल, तर मात्र डिझेल स्वच्छ, कोरड्या डब्यात काढून घ्यावं लागेल. तो डबा स्वयंपाकघरातला नको, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी त्याच वेळी काढून टाका. दुकानात जाताना जुना कॉक आणि वॉशर सोबत न्या, म्हणजे मापाची चूक होत नाही.

नळी उघडली की आत हवा शिरते आणि ट्रॅक्टर सुरू होत नाही. घाबरू नका. कॉक उघडा, डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग साबणाने हात धुवा.

हे काम तुम्ही मिस्त्रीकडून करून घेतलं तरी चालेल. पण गटाचा ट्रॅक्टर असेल, तर गळती जोडावर आहे, दांडीवर आहे की टाकीपाशी, हे गटातल्या दोघींना तरी सांगता आलं पाहिजे. म्हणजे वॉशरच्या कामासाठी अख्खा कॉक बदलला जाणार नाही. आणि ही तपासणी रोवणीच्या आधी, उन्हाळ्यातच करून ठेवा.